उबवणपेटीला घातलेला हार

मित्रांनो, आज माझ्यावर कुणी जुनी वर्तमानपत्रे रचून ठेवते, कुणी ओला टॉवेल वाळत घालते. माझ्या दाराची काच तडकली आहे. तरी मला भंगार म्हणू नका. मी अंडी उबवण्याची एक जुनी पेटी आहे आणि माझ्या पोटातून हजारो पिल्ले बाहेर पडली आहेत. त्यांतल्या एका खेपेची हकीकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म महाप्याच्या एका लहान कारखान्यात झाला. प्लायवूडच्या दुहेरी भिंती, मध्ये थर्माकोल, आत ऊब देणारी तार, तापमान दाखवणारा पारा, पाण्याचा ट्रे आणि समोर काचेचे दार. वरच्या अंगाला रुपयाएवढी चार भोके होती. तेच माझे नाक. कोंबडीची माया पेटीला कुठून येणार, असे लोक म्हणत आणि मला भारी राग येई. एकवीस दिवस रात्रंदिवस सारखी ऊब धरून बसायचे, हे काय सोपे काम आहे?

बेलापूरच्या एका कार्यालयात बाबासो माझी देखभाल करीत. साताऱ्याकडचे गृहस्थ, पन्नाशीला आलेले. कुक्कुटपालनाचे वर्ग ते घेत. मला रोज कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत.

१९९५ च्या जानेवारीत वाशीच्या मैदानावर कृषी प्रदर्शन भरले. कोंबड्या कशा पाळाव्यात हे नुसत्या तक्त्यांवरून सांगायचे नाही, पिल्ले लोकांच्या डोळ्यांदेखत अंड्यातून बाहेर पडली पाहिजेत, असे बाबासोंनी ठरवले. अंडी आली उलव्याहून. बाबासोंच्या वर्गात शिकलेल्या रंजिताने आपल्या सासूकडून, पुतळाबाईंकडून, ती मागून आणली होती. घरच्या कोंबड्यांची साठ अंडी! पुतळाबाईंनी त्या खेपेला एकही खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली नाही. सगळे सुनेच्या शब्दावर माझ्या हवाली केले. ही अंडी वाया गेली असती तर त्या घरात पुन्हा रंजिताच्या शिकण्याचे नाव निघाले नसते. हे मला ठाऊक होते, म्हणून मी एकेक अंडे जिवापाड जपत होते.

एकोणिसाव्या दिवशी मला गोधडीत गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून टेम्पोतून वाशीला नेले. तासभर वीज नव्हती. बाबासो सारी वाट मला कवटाळून बसले होते. मंडपात पोचून वीज जोडली, पारा पुन्हा शंभर फॅरनहाइटवर आला, तेव्हा कुठे त्यांनी घाम पुसला.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिल्या अंड्याला टवका गेला. आतून चोचीचे टोक दिसले. बाबासोंना आनंदाने काय करू नि काय नको असे झाले. अकराला मोठे पाहुणे येणार होते. बाबासोंच्या गावाकडे दसऱ्याला नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हार घालतात. मग आज मलाच कसे विसरतील? त्यांनी मला हळदकुंकू लावले, झेंडूचा जाडजूड हार माझ्या माथ्यावरून घसघशीत गुंडाळला आणि उदबत्त्या खोचायला जागा दिसेना म्हणून दोन काड्या झेंडूच्या फुलांत रोवून माझ्या वरच्या दोन भोकांत घट्ट बसवल्या.

खरे सांगते, मला तो हार आवडला. जन्मात पहिल्यांदाच मला कुणी नटवले होते. मी ऐटीत उभी राहिले.

पण थोड्याच वेळात माझा जीव कासावीस होऊ लागला. चारही भोके बुजली होती. आत पिल्लांना हवा लागत होती, कारण आता ती कवचातच श्वास घेत होती, आणि वरून आत येत होता तो धूर. पारा मात्र शंभरावर शहाण्यासारखा उभा! हवा कमी पडते आहे हे पारा कधीच सांगत नाही. बाबासो दर पाच मिनिटांनी पारा बघत आणि खूश होऊन गर्दीकडे वळत. हातात छडी घेऊन ते तक्त्यावरचे वाचून दाखवत होते, "पहिला नियम ध्यानात ठेवा मंडळी, हवा खेळती पायजे!" मी ओरडू पाहत होते. पण मला आवाज कुठला?

पुतळाबाई सकाळपासून माझ्या काचेसमोर मांडी घालून बसल्या होत्या. आपल्या अंड्यांवरून त्यांनी नजर हलवली नव्हती. अचानक त्या उठल्या.

"मास्तर, ह्यो हार काडा. त्या पिलाची चोच बगा, कशी वासलीय! पिलां गुदमरतान."

"आवं मावशी, पारा बरोबर हाय की. काळजी करू नगा. आन् पाव्हणं यायच्या आत हाराला हात लावू नगा."

"खुडूक कोंबरीबी दिवसातशी एकदा उटते, अंड्यांना वारा लागतं. हिचं तर नाकच तुमी बांदून टाकलंव!"

गर्दी हसली. "आजी, पेटीला कुठे नाक असतं काय?" कुणीतरी म्हणाले. रंजिताचा चेहरा उतरला. तेवढ्यात मंडपाच्या दाराशी गाडी थांबली आणि पाहुणे आले, पाहुणे आले, असा गलका झाला. पुतळाबाईंनी कुणाकडे बघितले नाही. दोन्ही हातांनी हार ओढून त्यांनी खाली टाकला.

"अहो आजी, हे काय करताय?" एक अधिकारी धावत आले. पण बाबासोंचे डोळे माझ्या माथ्यावर खिळले होते. झेंडूच्या पाकळ्यांनी बुजलेली दोन भोके आणि दोन भोकांत फुलांसकट ठासलेल्या, जळत आलेल्या उदबत्त्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फुलांसकट काड्या उपसल्या, बोटाने पाकळ्या काढल्या आणि घाबरून माझ्या दाराच्या कडीला हात घातला.

"मास्तर, दार नको!" रंजिता किंचाळलीच. "दार उघडलं तर आतली वाफ जाईल, पिलांवरचा पापुद्रा सुकेल, ती चिकटून बसतील. तुमीच शिकवलंत ना!"

बाबासोंनी कडीवरचा हात मागे घेतला. आता वाट बघण्यावाचून काही हातात नव्हते. पाहुणे समोर उभे, गर्दी काचेकडे वाकलेली. चार भोकांतून हळूहळू हवा आत येऊ लागली. मी तिचा कण अन् कण अंड्यांपर्यंत पोचवत होते. दहा मिनिटे गेली. वीस गेली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. तोच त्या पहिल्या अंड्याचे टोपण हलले आणि एक ओलेगिच्च पिल्लू बाहेर लोळले. पाठोपाठ दुसरे. पुतळाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

टाळ्या थांबल्यावर बाबासोंनी माइक हातात घेतला. अधिकारी डोळ्यांनी खुणावत होते, पण ते थांबले नाहीत.

"मंडळी, सकाळधरनं तुमास्नी हवा खेळती ठेवा म्हणून सांगतोय, आन् भोकं मीच बुजवली. या मावशींनी हार काढला म्हणून ही पिलं जगली. जी मेली असतील ती माझ्यामुळं."

साठांपैकी अडतीस पिल्ले जगली. उरलेली बावीस अंडी बाबासोंनी लपवली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर मांडून, पिल्ले कशाने मेली हे त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. पुतळाबाई शेजारीच बसल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी ती बावीस अंडी पदरात गोळा केली आणि मंडपामागच्या मातीत पुरली.

पुढे कार्यालयाने मला रंजिताला देऊन टाकले आणि उलव्यात तिच्याकडे मी पुष्कळ वर्षे राबले. आता नवी यंत्रे आली आहेत, माझी कुणाला गरज नाही. त्याचे फारसे दुःखही नाही. पण मित्रांनो, त्या बावीस पिल्लांचे दुःख अजून जात नाही. माझा मान होत होता आणि माझ्याच पोटात ती गुदमरत होती. तुमच्या घरीही एखादे मुके जनावर असेल, एखादे यंत्र असेल, तुमच्या जिवावर जगणारे. त्याच्याजवळ दिवसातून थोडा वेळ नुसते बसा आणि नीट बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.