वीस सेंटीमीटरची वीत

अय्युबचाचांनी डावा पंजा तक्त्यावर ठेवला, आणि करंगळी कमी पडली.

अंगठा चित्रातल्या पंज्याच्या रेषेवर बसला. पहिलं बोट, मधलं, अनामिका, सगळी आपापल्या घरात गेली. फक्त करंगळी पेरभर अलीकडेच थांबली, आणि तिच्यापुढे कागदावर नखासकट रंगवलेलं गोल टोक उरलं. त्यांनी हात उचलला, पुन्हा नीट ताणून ठेवला. तीच गत.

“चाचा, हात नका लावू ना, रंग ओला असेल,” श्रुती म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. प्रदर्शनाच्या टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत होती.

“हे कोणी केलं?”

“चित्रकलेच्या बाईंनी. म्हणाल्या, तुटकं बोट बरं नाही दिसत. पहिला नंबर पाहिजे तर सगळं नीटनेटकं हवं.”

“आणि तू काय म्हणालीस?”

एक टाचणी खाली पडली. ती शोधायला श्रुती टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

दोन महिने, दर रविवारी, ती जुईनगरच्या त्यांच्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्याकडे उतरून येत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं सूक्ष्म मापांचा विषय घेतला होता, आणि नॅनोमीटर काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. “जे दिसतच नाही ते मोजायचं कशाला?” असं तिनं विचारलं, तेव्हा चाचांनी आपला पंजा पुढे केला होता. तीस वर्षं ते बेलापूर रोडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, मायक्रॉनचं काम करत आले. पण त्यांचे वडील उलव्याच्या खाडीकाठी होड्या बांधायचे. त्यांच्याकडे पट्टी नव्हतीच. अंगुळ, वीत, हात आणि वाव, एवढ्यावर होडी पाण्यात उतरायची.

“परकं माप आधी अंगावर आणायचं,” चाचा म्हणाले होते. “मग ते घाबरवत नाही.”

पट्टी लावली तर त्यांची वीत बरोबर वीस सेंटीमीटर भरली.

“करंगळीचं शेवटचं पेर प्रेसमध्ये गेलं नसतं, तर बावीस भरली असती,” ते हसले. “घे. मशीननं दोन सेंटीमीटर नेले, पण तुझा हिशोब सोपा करून दिला.”

वीस सेंटीमीटर म्हणजे वीस कोटी नॅनोमीटर. दोन विती म्हणजे एक हात, चाळीस कोटी. चार हात म्हणजे एक वाव, एकशे साठ कोटी. कोटीची सात शून्यं चुकू नयेत म्हणून त्यांनी तिला अंगठ्यानं पेरं मोजायला शिकवलं: करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाचं एक. मग वहीवर त्यांच्या पंज्याभोवती पेन्सिल फिरवताना तिनंच ठरवलं होतं, “परीक्षक आले ना चाचा, की तुमी हात तक्त्यावर ठेवायचा. सगळे बघतच राहतील.”

त्यासाठी चाचांनी आज इस्त्रीचा सदरा घातला होता. सकाळी नखं कापली होती. करंगळीला नख नव्हतं, तरी तिचं टोकही साबणानं घासलं होतं.

परीक्षक आले तेव्हा ते टेबलापासून चार पावलांवर, पालकांच्या घोळक्यात उभे होते. श्रुतीनं सगळं घडाघडा सांगितलं. कुठे अडखळली नाही.

“आणि ही वीत कोणाची?” परीक्षकांनी विचारलं.

“आजोबांची.”

चाचांचा हात आपसूक पुढे आला.

“अरे वा! आलेत का ते?”

“नाही सर. ते साताऱ्याला असतात.”

हात पँटच्या खिशात गेला.

परीक्षकांनी टेबलावरची फूटपट्टी उचलून चित्रावर धरली. तक्ता वाचला. पुन्हा पट्टी धरली.

“चित्रात बावीस भरतात, तक्त्यात वीस लिहिलेत. दोन सेंटीमीटर गेले कुठे, बाळ?”

श्रुतीनं मान वर केली. परीक्षकांच्या खांद्यावरून तिनं चाचांकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे. चाचा थांबले. तिनं नुसती मान हलवली असती, तरी ते चार पावलं पुढे गेले असते. तीस वर्षांत त्यांच्या मापात कोणी चूक काढली नव्हती.

“मोजताना चुकलं, सर,” ती म्हणाली. “लगेच दुरुस्त करते.”

“इथेच? जमेल?”

तिनं स्केचपेनचं टोपण काढलं. वितीच्या आकड्यावर आडवी रेघ मारली, शेजारी बावीस लिहिले आणि पुढे शून्यं मांडू लागली. मग हात, चव्वेचाळीस कोटी. वाव, एकशे शहात्तर कोटी. कच्चा कागद घेतला नाही. डाव्या हाताचा अंगठा तेवढा पेरांवरून सरकत होता.

खिशात चाचांचाही अंगठा चालू झाला होता. करंगळीची दोन पेरं झाली. तिसऱ्याला तो रिकाम्या जागेवर क्षणभर टेकला, मग अनामिकेवर गेला, आणि मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर येऊन थांबला.

सात. शून्यं बरोबर होती.