वजनाला बसलेली पोर

साहेब, जोतीरामला तुम्ही मारलंत. धरणानं नाही, होडीनं नाही, आणि नऊ वर्षांच्या सारजानं तर मुळीच नाही. तुम्ही.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात इंदापूरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर, तालुक्याचे पुढारी असलेल्या साहेबांनी मांडव घातला. पाण्यावरच्या वेगाचा विक्रम मोडायचा, तोही आपल्या तालुक्याच्या माणसानं, असा गाजावाजा. माणूस म्हणजे सारजाचा बाप, निमगाव केतकीचा जोतीराम. त्याच्या बापानं मेंढरं राखली, यानं इंजिनं. भंगारातल्या जीपचं इंजिन मासेमारीच्या होडीवर चढवून असला राक्षस केला होता की चालू झाला की काठावरची कुत्री शेपूट घालायची.

खोड एकच. वेग घेतला की होडीचं तोंड आभाळाला लागायचं. कुळव रुतावा म्हणून त्यावर पोर बसवतात, तशी जोतीरामनं सारजाला तोंडाशी बसवली.

"वाळूचं पोतं टाक की रं," त्याचा भाऊ भीमा म्हणाला.

"पोतं सरकतं. पोर धरून बसती. व्हय का न्हाय गं?"

"व्हय, आप्पा."

"इक्रम पोरगीच करायची, बाप नुस्ता डायवर!" काठावरनं कुणी तरी ओरडलं. हशा झाला.

पाणी आटलेलं. बुडालेल्या गावाच्या बाभळी, टोकं वीतभर पाण्याखाली ठेवून उभ्या. जोतीरामनं बुड्या मारून मोकळी वाट हुडकली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना खुणेला रिकामे डबे तरंगत बांधले होते. पण वाट मांडवापासून लांब. पाहुण्यांना दिसणार काय, कपाळ? साहेबांनी माणसं घालून डबे मांडवापुढं ओढून घेतले.

सारजानं ते बघितलं, बापाला सांगितलं. बाप तिला आणि भीमाला घेऊन तसाच साहेबांपुढं गेला.

"साहेब, तितं बाभळी हायत."

"कालच करवतीनं कापून काढल्यात, जोतीराम. माझ्यावर विश्वास नाही का?"

एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? जोतीराम होडीत बसला.

होडी सुटली. पाणी दगडासारखं सारजाच्या तोंडावर बसायला लागलं. होडी मांडवापुढं आली आणि तिला पाण्यात काळी टोकं दिसली. "आप्पा, झाड!" इंजिनाच्या गर्जनेत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

पहिल्या बुंध्यानं तळ फाडला. दुसऱ्यानं होडी उभी केली. इंजिन बोल्टांसकट उपटलं आणि जोतीरामच्या पाठीत घुसलं. पंखा फिरतच होता. सारजा लांब फेकली गेली. वर आली तेव्हा पाणी लाल होतं, आणि तिनं आधाराला धरलेला बापाचा हात नुसता हातच होता.

काठावर तिला कुणी जवळ घेतलं नाही. साहेब भोंग्यावरनं सांगत होते, "लहान पोर बसवली, तोल गेला. दुर्दैव." भीमानं तिला केसाला धरून चिखलातनं ओढली. होडीच्या दोरानं हाणली, दोर तुटला तेव्हा लाथा. "खाल्लास बापाला, अवदसे!" साहेब मोटारीत बसून बघत होते. माणसं थुंकून गेली. सारजाचं गळ्याखालचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं.

दिवाळीला भीमा साहेबांच्या बारामतीच्या बंगल्यावर राखणदार लागला.

सारजा मोठी झाली ती बापखाऊ म्हणूनच. पाहुणे तिला बघायला येत, चहा पीत, ते नाव कानावर आलं की उठत. अठ्ठ्याण्णव साली तिसरं स्थळ असंच उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच एसटीनं बारामतीला गेली. बंगल्याच्या अंगणात गाऱ्हाणी घेऊन माणसं बसली होती. भीमानं फाटकात काठी आडवी घातली.

"हितं तुजं काय काम, पांढऱ्या पायाचे?"

सारजानं काठी हिसकली. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा गुडघ्यावर. भीमा बोंबलत खाली बसला. "काका, बाभळी कापल्या म्हणाले तवा तुमी तितंच हुता. तोंड शिवलं हुतं काय?"

साहेब ओट्यावर आले. ओळखलं त्यांनी. आवाज मऊ केला. "बाळ, जुनं कशाला उकरतेस? पोलीस बोलवायला लावू नकोस."

"बोलवा. काकाचा हात मी मोडला, लिहून द्याला मी तयार हाय. पर त्येंनी यायच्या आत ह्या माणसांपुढं बोला. माजा बाप इश्वास हाय म्हणून त्या होडीत बसला. बाभळी उभ्या हायत हे ठावं असून तुमी त्याला कापल्यात असं का सांगितलं? बोला, साहेब. का सांगितलं?"