एका किल्लीची दोन बाळं

नवजात कक्षातल्या पडद्यावर बाळाची औषधं उमटायला अकरा सेकंद लागायची, आणि तेवढ्यात मोठी सिस्टर प्रोग्राम लिहिणारीचा मनसोक्त उद्धार करून घ्यायची. चूक त्या लिहिणारीचीच होती. सगळ्या बाळांच्या नोंदी एकाखाली एक असलेली जेसन फाइल तिचा प्रोग्राम दर वेळी नव्याने उघडायचा, वरपासून खालपर्यंत चाळायचा. मीठ हवं म्हणून अख्खं घर उपसण्यातला प्रकार.

सोमवारी तिने ते मोडलं. फाइल एकदाच वाचायची, तिचा मॅप, म्हणजे किल्ली लावली की थेट नोंद देणारा तक्ता, बांधून ठेवायचा. किल्ली म्हणून आईचा क्रमांक, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ना नाव ना नंबर. क्रमांक टाकला की पातं लवायच्या आत नोंद हजर. सिस्टरने मुद्दाम फोन केला. म्हणाली, "बये, आता तुला शिव्या घालायला वेळच उरत नाही."

एका आईला एकच बाळ, असं प्रोग्राम लिहिताना तिने धरलं होतं. तिच्या स्वतःच्या घरी एकच होतं.

गुरुवारी दुपारी ती डबा उघडत असताना पुन्हा फोन आला. सिस्टरचा आवाज खाली गेला होता.

"सात नंबरच्या आईला जुळ्या मुली आहेत. पडद्यावर धाकटीच दिसते."

तिने डबा बाजूला सारला. मॅपमध्ये एका किल्लीला एकच जागा. धाकटीची नोंद आली आणि थोरलीच्या उरावर बसली; कुठे हूं नाही की चूं नाही. जुनी रडतखडत चालणारी पद्धत निदान दोघींना दाखवायची.

तिने विचारलं, थोरलीला कसलं औषध होतं. आकडीचं, सिस्टर म्हणाली. मंगळवारपासून पाळीमागून पाळी बदलली, दर पाळीने पडदा पाहिला, नोंद नाही म्हणून औषध नाही. सकाळपासून आकडी थांबत नव्हती. आता डॉक्टर आत होते.

फोन ठेवून ती कामाला लागली. किल्लीखाली एका नोंदीऐवजी नोंदींची यादी. बदल जेमतेम तीन ओळींचा होता, पण तो तिने पुन्हा पुन्हा तपासला. वीस मिनिटं गेली. मग सात नंबर टाकून पाहिला. वर थोरली, खाली धाकटी. थोरलीपुढे आकडीचं औषध, दिवसातून दोनदा.

तिने फोन लावला. बराच वेळ तो कोणी उचलला नाही.

"दिसतायत गं दोघी," सिस्टर अखेर म्हणाली. "वरची, थोरलीची ओळ आता कोणी पुसायची, तू की मी?"