निळ्या टिकलीचा पडदा

मित्रांनो, आजवर माझ्याकडे कोणी नीट पाहिलेले नाही. लोक माझ्याकडे बघतात ते पलीकडचे काही दिसते का, एवढ्यासाठीच. दिसत नाही म्हटल्यावर नाक मुरडतात आणि दुसरीकडे बघतात. मला त्याचा राग येत नाही. मी एक जुना घडीचा पडदा आहे आणि पलीकडचे दिसू न देणे हीच माझी नोकरी आहे.

माझा सांगाडा एका वेल्डरने केला. तो दवाखान्यांच्या खाटा बनवायचा. खाटांच्या उरलेल्या नळ्यांतून त्याने माझ्या तीन चौकटी जोडल्या, बिजागऱ्या बसवल्या आणि खाली चाके लावली. त्यातले एक चाक जन्मापासून कुरकुरते. "चालायला लागला की आवाज बसेल त्याचा," असे तो म्हणाला होता. मी म्हातारा झालो, आवाज काही बसला नाही.

कापड शिवायला एक तरुण बाई आली. सगळे तिला शिवणताई म्हणत. तोंडाने बडबड आणि हाताने काम, दोन्ही तिचे एकाच वेळी चाले. तिने माझे कापड उजेडासमोर धरले आणि तोंड वाकडे केले. "हे फारच विरळ आहे हो. ह्यातून आतल्या माणसाचं बोलणंसुद्धा दिसेल!" ती म्हणाली आणि कोणी न सांगता तिने आतून दुसरे अस्तर लावले. तिची शिवण बारीक होती. काही टाके सरळ गेले की ती एक टाका उलटा घ्यायची, म्हणजे शिवण उसवत नाही. तो उलटा टाका मी अजून अंगावर बाळगून आहे.

मला नेले ते एका मोठ्या दालनात. तिथे पूर्वी टपाल कचेरी होती. उंच खिडक्या, लांबच लांब बाक आणि आत एकही भिंत नाही. सरकारने तिथे तीन कामे एकत्र सुरू केली होती. एका कोपऱ्यात कायद्याचा सल्ला देणारी वकीलबाई, दुसऱ्यात तपासणी करणारी सिस्टर आणि दाराजवळ तक्रार ऐकून घेणारी पोलीसताई. न्याय, आरोग्य आणि सुरक्षा, अशी तिघींची तीन अनुदाने तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांतून यायची.

अनुदान म्हणजे सरकारने एखाद्या ठरावीक कामासाठी दिलेला पैसा. तो त्याच कामाला लागला पाहिजे, असा नियम असतो. नियम वाईट नाही बरे का! तो नसता तर औषधांच्या पैशांतून कोणाकोणाच्या घरी सोफे गेले असते. पण नियमाची गंमत अशी की, ह्या दालनात भिंती घालायला पैसे नव्हते. भिंत म्हणजे बांधकाम, आणि बांधकामाला तिन्ही अनुदानांत जागा नव्हती. फर्निचरला मात्र न्यायाच्या अनुदानात होती. म्हणून भिंतीच्या जागी माझी नेमणूक झाली.

मी आलो त्याच आठवड्यात तिन्ही अनुदानांचा हिशेब तपासणारे साहेब आले. त्यांच्या खिशात गोल चिकट टिकल्या असत. न्यायाच्या वस्तूला निळी, आरोग्याच्या वस्तूला हिरवी आणि सुरक्षेच्या वस्तूला लाल. त्यांनी खुर्च्यांना टिकल्या लावल्या, पंख्यांना लावल्या, कचऱ्याच्या डब्यांनाही सोडले नाही. तेव्हापासून त्यांचे नाव टिकलीसाहेब पडले. मला निळी टिकली मिळाली. एकदा ताप अंगात घेऊन तक्रार द्यायला आलेला एक म्हातारा कोणत्या रंगाच्या खुर्चीवर बसावे हे न कळून उभाच राहिला.

साहेबांची पाठ वळली की त्या तिघी टिकल्या विसरायच्या. "सिस्टर, झालं का तुझं? पडदा पाठव," असे वकीलबाईने म्हणायचे आणि मी कुरकुरत इकडून तिकडे जायचे. एकदा साहेब न सांगता आले आणि मी नेमका हिरव्या कोपऱ्यात सापडलो. "न्यायाचा पडदा आरोग्यात काय करतोय?" त्यांनी विचारले. पोलीसताई धिप्पाड आणि तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "हवा खायला आलाय साहेब. दिवसभर एकाच जागी उभा राहून पाय दुखतात हो त्याचे." साहेबांना हसू आले, पण त्यांनी ते दाबले.

माझ्यावरची पुठ्ठ्याची पाटीही पोलीसताईनेच लावली. "आत एका वेळी एकच. आई असो, बाप असो, नवरा असो, बाहेर बसा." मित्रांनो, मी कापडाचा. मला ढकलले तर मी पडेन. तरीही त्या पाटीपुढे भले भले थांबत. आणि आत बसलेले माणूस हळूहळू बोलू लागे. एकदा एक दांडगा ट्रकवाला माझ्याआड बसून हमसून हमसून रडला. का, ते मी सांगणार नाही.

माझे कौतुकही झाले. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो छापून आला. माझ्यासमोर पाहुणेमंडळी हसत उभी असल्यामुळे माझा एक कोपराच काय तो दिसत होता, पण तो मीच होतो.

मग एका वर्षी न्यायाचे अनुदान आलेच नाही. ते बंद झाले असेही कोणी म्हणेना. "विचाराधीन आहे," एवढेच उत्तर यायचे. वकीलबाई काही महिने बिनपगारी येत राहिली. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, तिची औषधे काही विचाराधीन राहू शकत नव्हती. शेवटी तिने दुसरीकडे नोकरी धरली. जाताना तिने माझ्या कापडावर उगाच हात फिरवला.

टिकलीसाहेब आले आणि निळ्या टिकलीची प्रत्येक वस्तू त्यांनी बंदोबस्तात ठेवली. माझी घडी करून मला भिंतीला टेकवले, जाड सुतळीने आवळले आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला.

"साहेब, पडदा तरी राहू द्या," सिस्टर म्हणाली. "मी इथे तपासू कशी?"

"तुमच्या अनुदानातून मागा ना."

"मागितला. यंदा फर्निचर नाही म्हणतात, यंदा जनजागृती आहे."

साहेबांनी हात वर केले. "मला काय हौस आहे का, सिस्टर? शिक्का तुटला तर तुमचं पुढच्या वर्षीचंसुद्धा अडकेल. हात लावू नका एवढंच सांगतो." ते खरे बोलत होते आणि भल्यासाठीच बोलत होते.

जनजागृतीच्या पैशांतून पोस्टरे आली. समोरच्या भिंतीवर डोळ्यांत भरेल अशा अक्षरांत लागले, "गप्प बसू नका, बोला!" आणि मी त्याच्या समोर बांधलेला उभा. सिस्टरने खिडकीच्या गजाला आणि सलाईनच्या खांबाला चादर बांधून पाहिली. पंखा लावला की ती उडे, पंखा बंद केला की बाईला घाम फुटे. लोक येत, समोरच्या बाकावरची रांग बघत आणि "काही नाही, जरा डोकं दुखतंय" म्हणून गोळी घेऊन जात. पोलीसताईचेही अनुदान निम्मे झाले होते. ती दिवसाआड यायची. मला तेव्हा फार वाईट वाटे. उपयोगी वस्तूला कोपऱ्यात उभे करून तिच्यासमोरच तिचे काम अडलेले दाखवणे, ह्यासारखी शिक्षा नाही.

अशाच एका पोलीसताई नसलेल्या दिवशी शिवणताई आली. मी तिला आधी ओळखलेच नाही. बडबड कुठल्या कुठे गेली होती. भर उन्हाळ्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा पोलका घातला होता. त्या बाह्या मागाहून लांब केलेल्या होत्या. जोडावरची शिवण मी पाहिली. बारीक टाके आणि मध्ये एक उलटा. माझ्या अंगावर काटा आला असता, अंग असते तर.

सोबत तिचा नवरा होता. "हात सुजलाय हिचा. मशीन चालवता येत नाही, कामं पडून आहेत," तिच्याआधी तोच बोलला.

सिस्टरने चादर ओढली. "तुम्ही तिकडे बाकावर बसता का जरा?"

"मी नवरा आहे तिचा. माझ्यापासून काय लपवायचंय?" असे म्हणून तो चादरीच्या आतच उभा राहिला. सिस्टरने औषध आणायला पाठवून पाहिले, तो म्हणाला, नंतर आणतो.

"कसं झालं हे?" सिस्टरने विचारले.

शिवणताईने नवऱ्याकडे पाहिले, बाकावरच्या रांगेकडे पाहिले, आणि मग तिची नजर माझ्याकडे आली. तिने मला ओळखले. "ह्याला का बांधून ठेवलंय?"

"त्याचं अनुदान संपलं."

"पडद्याचंही संपतं होय?" ती हसल्यासारखे करून म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "जिन्यावरून पडले."

आमच्या समोरच्या भिंतीवर "गप्प बसू नका" लिहिलेले होते आणि मी मुका होतो. तिचे ते शब्द माझ्या अस्तरात अजून रुतलेले आहेत. सिस्टरने मनगटाला पट्टी बांधली. बाहीच्या आत निळे डाग होते, ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले. दाराजवळच्या रिकाम्या लाल खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "उद्या पट्टी बदलायला यायचं हं. उद्याच. नाहीतर हात कायमचा जाईल." नवऱ्याने मान हलवली. हात गेला तर मशीन कोण चालवणार होते?

ते दोघे दुसऱ्या दिवशी आले. पोलीसताई खुर्चीवर होती. शिवणताई सिस्टरकडे गेलीच नाही. ती सरळ माझ्यापाशी आली. पिशवीतून तिने आपली धाग्याची लहान कात्री काढली. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डाव्या हाताने वेडीवाकडी कापत राहिली. सुतळी जाड होती. "अगं, त्याला हात लावायचा नाही!" रांगेतून कोणीतरी ओरडले. सिस्टर धावत आली. मला वाटले, आता ही थांबवणार. शिक्का तुटला तर काय होणार हे तिच्याइतके कोणाला माहीत होते? ती क्षणभर उभी राहिली. मग तिने सुतळी दोन्ही हातांनी ताणून धरली, म्हणजे कापायला सोपे जावे.

लाखेचा तुकडा फरशीवर पडला. मी उघडलो. कुरकुरत, धूळ झाडत उघडलो आणि शिवणताई माझ्याआड गेली. नवरा ताडकन उठला.

पोलीसताईने आपली लाल खुर्ची उचलली, माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसली. "बसा दादा. पाटी वाचता येते ना?"

"माझ्या बायकोशी मी..."

"वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते. मोठ्यानं वाचू का, सगळ्यांना ऐकू जाईल असं?"

तो बसला. आत शिवणताई माझ्या कापडाजवळ सरकली. तिने माझे अस्तर बोटांनी चाचपले, आपला जुना उलटा टाका शोधून काढला आणि त्यावर अंगठा ठेवून ती बोलू लागली. पुष्कळ वेळ बोलली. सिस्टरचा निरोप मिळून संध्याकाळी वकीलबाई आपल्या नव्या नोकरीवरून धापा टाकत आली. निळ्या खुर्च्या अजून बांधलेल्या होत्या, म्हणून ती हिरव्या खुर्चीवर बसली. शिवणताई त्या दिवशी नवऱ्याबरोबर परत गेली नाही. पोलीसताई तिला मागच्या दाराने घेऊन गेली. कुठे, ते मला माहीत आहे. तुम्हाला ते कळायची गरज नाही.

टिकलीसाहेब आले तेव्हा मी उघडाच होतो. त्यांनी लाखेचा तुटका तुकडा उचलून पाहिला. मग त्यांनी सिस्टरच्या हाती कागद दिला. कारणे दाखवा. शासकीय वस्तूचा शिक्का कोणत्या कारणासाठी तोडला, ते लेखी द्यावे, नाहीतर आरोग्याच्या अनुदानाचाही फेरविचार होईल.

"एक ओळ लिहा, सिस्टर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कोण होती, काय झालं होतं, एवढं लिहा. मी वर सांभाळून घेतो. खरं सांगतो."

सिस्टरने पेन हातात घेतले आणि परत ठेवले. "तेवढंच लिहिता येत नाही हो, साहेब. ते लिहायचं असतं तर पडदा कशाला उघडला असता?"

साहेब खूप वेळ माझ्याकडे बघत बसले. जाताना त्यांनी मला पुन्हा बांधले नाही, आणि सोडून ठेवा असेही म्हणाले नाहीत. तो कागद सिस्टरच्या मेजावर अजून कोरा आहे. हे दालन पुढच्या वर्षी चालेल की नाही, ते विचाराधीन आहे. सिस्टर हल्ली दारात गाडी थांबली की दचकते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. सुतळी आणि लाख लावून माझी काळजी पुष्कळ घेऊन झाली आहे. मी वापरून फाटलो तर मला आनंदच होईल. तुमच्यापैकी कोणी उद्या वकील होईल, कोणी नर्स, कोणी टिकल्या लावणारा साहेबही होईल. त्याचीही गरज असते. माझे मागणे एवढेच की, टिकलीचा रंग बघण्याआधी बाकावर कोण बसले आहे ते बघा.

शिवणताईने आत काय सांगितले, हे तुम्हाला विचारावेसे वाटत असेल. विचारू नका. आणि आता उठा, बाहेर जाऊन बसा. आत कोणीतरी आले आहे.