मेंढरांची वाट आणि समुद्राचा कायदा

भुजंग तसा वाईट पोरगा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं तुम्ही त्याला शिव्या घालाल, मीही घालीन, पण सुरुवात तरी सरळ करू. पोखर्णीच्या पलीकडं त्याचं गाव. बाप व्यंकटराव गावातला मोठा शेतकरी, बोलायला करडा, हिशेबाला पक्का. पोरगं वकील व्हावं म्हणून त्यानं त्याला परभणीला लॉ कॉलेजात घातलं आणि पहिल्याच वर्षी इंग्रजीनं पोराला आडवा केला. अख्ख्या पेपरात 'कोर्ट' हा एकच शब्द ओळखीचा निघाला म्हणे. गावात कुणी विचारलं, "मालक, पोरगं वकील कवा व्हायलंय?" की व्यंकटराव मिशीवरून हात फिरवायचे आणि गोष्ट कापसाच्या भावावर न्यायचे. भुजंगाला ते दिसायचं. दिसायचं आणि लागायचंही.

दुसऱ्या वर्षी बन्सीधर सर भेटले म्हणून तो तरला. सरांची शिकवायची तऱ्हाच न्यारी होती. ते म्हणायचे, "दिवाणी कायद्याचं इंग्रजी तुम्हाला भेवडवण्यासाठीच लिहिलंय, त्याच्या नादी आत्ता लागू नका. आपण आंतरराष्ट्रीय कायद्यापासून धरू. तिथं देश म्हणजे बांधाला बांध लागलेली माणसं. वर ना पाटील, ना फौजदार. चौघांनी बसून ठरवायचं आणि ठरवलेलं पाळायचं. एवढं डोक्यात बसलं की इंग्रजी मागून येतंय." मग एकेकाला उभं करायचे. वाक्य इंग्रजीत वाचायचं, आपल्या बोलीत सांगायचं आणि गावातलं उदाहरण द्यायचं. उदाहरण पटलं न्हाई तर खाली बसायचं न्हाई. 'ट्रीटी' म्हणजे विहिरीच्या पाण्याची पाळी. 'न्यूट्रल' म्हणजे दोन भाऊ भांडताना चहा पीत बसणारा सोयरा. पोरं हसायची, आणि हसता हसता शब्द पक्के व्हायचे.

भुजंगाच्या खोलीत बिरू राहायचा. चारठाण्याकडचा धनगराचा पोरगा, मेंढरामागं चालून चालून पिंढऱ्या दगडासारख्या झालेल्या. सगळ्या खोलीला त्याच्या घोंगडीचा वास. इंग्रजीला तो भुजंगापेक्षाही भ्यायचा. मग भुजंगच त्याला समजावून सांगायचा, आणि दुसऱ्याला सांगता सांगता आपल्यालाही येतंय हे कळून त्याची छाती फुगायची.

'इनोसंट पॅसेज' हा धडा तर त्यानं बिरूला असा शिकवला की सरांनीसुद्धा मान डोलवली असती. परक्या देशाच्या किनाऱ्याजवळून जहाजाला जाता येतं, कुणाला त्रास न देता. म्हणजे काय? भुजंग म्हणाला, "आरं, तुमची मेंढरं गोदागंगेच्या काठी उतरतेत तवा आमच्या गावच्या पांदणीतून जातेत का न्हाई? रान आमचं, पर वाट तुमची. चालत यायचं, चालत जायचं, कुणाच्या पिकाला तोंड लावायचं न्हाई. हेच की इनोसंट पॅसेज!"

बिरू उडालाच. "बाप्पा! म्हंजी माझा बा आंतरराष्ट्रीय कायदा पाळायलाय?"

"आणि लय वर्षांपासून," भुजंग म्हणाला.

त्या दिवशी वर्गात पहिलंच वाक्य झालं होतं, की पॅसेज हा 'कन्टिन्युअस' असला पाहिजे, म्हणजे न थांबता. पुढचं वाक्य सर दुसऱ्या दिवशी घेणार होते. पण संक्रांतीनंतर विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे पुन्हा तापले, परभणी बंद झाली, कॉलेज बंद झालं, आणि पोरं मिळेल त्या गाडीनं आपापल्या गावी पांगली. भुजंगानं पुस्तक सोबत नेलं. बाजेवर बसून त्यानं पुढचं वाक्यही पाठ केलं. 'हाउएव्हर'नं सुरू होणारं ते वाक्य होतं. हाउएव्हर, म्हणजे परंतु, संकट कोसळलं, जीवावर बेतलं, तर जहाजाला थांबता येतं, आणि थांबलं म्हणून त्याचा हक्क जात न्हाई. त्यानं ते घोकून घोकून तोंडपाठ केलं होतं, हे नीट ध्यानात ठेवा.

त्याच आठवड्यात बिरूचा बाप येडबा मेंढरं घेऊन पांदणीत शिरला. संग बायको केवळाबाई, घोड्यावर संसार, आणि कॉलेज बंद म्हणून बिरूही. व्यंकटरावांच्या दोन रानांच्या मधोमध आले न आले तोच एक मेंढी आडली. पिल्लू आडवं आलेलं. केवळाबाईनं कोपरापर्यंत हात भरून घेतला, मेंढी ओरडायली, आणि सगळा कळप तिथंच थांबला. सूर्य डोक्यावर येईस्तोवर थांबला. शेवटी पिल्लू सुटलं, मेंढीही वाचली. एवढ्या वेळात मेंढरांनी बांधावरचं गवत खाल्लं असंल, पिकाला तोंड लावलं न्हाई. पण व्यंकटरावांनी पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यात चमक आली.

त्याचं कारण होतं. कालव्याचं पाणी आल्यापासून व्यंकटरावांना ती पांदण खुपायची. ती नांगरून टाकली की दोन्ही रानं एक होणार, पाण्याचा पाट सरळ जाणार. पूर्वी येडबाला बोलावून ते रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. आता युरियाची पोती होती. आता येडबा कुणाला पाहिजे? आणि गावाची जुनी रीत तर होतीच: धनगरानं पांदणीतून चालत यावं, चालत जावं, थांबू नये. येडबा थांबला होता. गावानं बैठक बोलावली.

बैठकीच्या दिवशी सकाळी व्यंकटराव पोराला म्हणाले, "तुज्या त्या पुस्तकात असल्या वाटंबद्दल काय दिलंय का रं?"

भुजंगानं भाबडेपणानं दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली, अर्थासकट. बापानं ऐकून घेतलं. मग पानाला चुना लावीत म्हणाले, "पहिलं झ्याक हाय. दुसरं कशाला सांगायलास? इचारलं तेवढंच बोलावं. वकीलसाहेब, येवढं तर कळतंय ना?"

वकीलसाहेब! बापाच्या तोंडून हा शब्द भुजंगानं जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढायचंच.

मारुतीच्या पारावर गाव जमलं. येडबा खाली मातीत उकिडवा बसला होता, शेजारी बिरू उभा. म्हातारे दत्तराव गावात सगळ्यात वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "थांबला हे खरं. पर मेंढी आडली व्हती. मुक्या जनावराचं काय करावं? माझं मन काही घेईना." मग त्यांची नजर भुजंगावर गेली. "तू कायदा शिकायलास न्हवं? जगात असलं काही व्हत असंल. तिकडं काय म्हणतेत?"

ज्या पोराला नापास म्हणून चिडवायचे, त्याच्या तोंडाकडं आज सगळे बघायले. भुजंग उभा राहिला. खणखणीत आवाजात त्यानं इंग्रजी वाक्य म्हटलं. पहिलं. मग मराठीत सांगितलं, "परक्या हद्दीतून वाट मिळती, पण ती न थांबता जाण्यासाठी. हा साऱ्या जगाचा कायदा आहे."

दुसरं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. बापानं एकदा खाकरून त्याच्याकडं पाहिलं, आणि भुजंग खाली बसला.

येडबा हात जोडून म्हणाला, "पर मालक, जीव जायला व्हता तिचा..."

आणि इथं, बाबांनो, बिरूनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "बा, ऱ्हाऊ दे. भुजंगा म्हणतोय ते बरूबर हाय. मी बी शिकलोय ते. आपुन थांबलो, आपुन चुकलो."

भुजंगाला वाटलं, कुणीतरी कानफाडात मारावी आपल्याला. कुणी मारली न्हाई. उलट जाताना दोघा-तिघांनी पाठ थोपटली. दत्तरावांच्या शब्दानं पांदण मेंढरांना बंद झाली. चार दिवसांत व्यंकटरावांनी तिच्यावर नांगर घातला.

बैठकीच्या रात्री भुजंगाला जेवण जाईना. आई चतुराबाई म्हणाली, "लय इंग्रजी बोलून घसा दुखायला का?" त्यानं ताट सरकवलं. बोलणार तरी काय? पाठ केलेलं अर्धं गिळून टाकलं म्हणून सांगणार? सांगायला जीभ पाहिजे ना, ती तर पारावरच संपली होती.

येडबानं मग मेंढरं गंगाखेड रस्त्यानं नेली. दुसरी वाटच राहिली नव्हती. पहाटे धुकं होतं. मानवतला निघालेला कापसाचा ट्रक कळपात घुसला. पुढं चालणाऱ्या पंधरा-वीस मेंढ्या जागेवर गेल्या, दुधाच्या, पिल्लांच्या. ज्या मेंढीसाठी एवढं झालं, तीही त्यात होती. येडबा ओढून काढता काढता स्वतः पडला, त्याचा पाय मोडला.

हे भुजंगाला कळलं ते परभणीत, कॉलेज सुरू झाल्यावर, बिरूच्या तोंडून. बिरू सांगताना रडला न्हाई, नुसता घोंगडीची दशी ओढत बसला. "बा म्हणतोय, आता मेंढरं इकून टाकू. चालायचं कसं त्याला?" भुजंगानं त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार होता तो, नालायक!

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी राहिलेला धडा काढला आणि नेमकं बिरूलाच उभं केलं. बिरूनं अडखळत वाचलं. हाउएव्हर. डिस्ट्रेस. एकेक शब्द सरांनी सोडवून दिला. "आता बोलीत सांग. आणि उदाहरण."

बिरूनं ते वाक्य बोट फिरवत पुन्हा एकदा वाचून काढलं. वर्गाला वाटलं, जमत न्हाई. मग तो हळू म्हणाला, "पर संकट आलं तर थांबता येतंय. थांबलं तरी वाट आपलीच ऱ्हाती." पुस्तक मिटून म्हणाला, "जशी वाटंत मेंढी आडली तर."

"वा!" सर म्हणाले. "याला म्हणतात कायदा कळणं. बस."

बिरू बसला. भुजंग बाकाकडं बघत होता. धडा संपेपर्यंत त्याला सरांचा एक शब्द ऐकू आला न्हाई.

बाहेर लिंबाखाली बिरूनं त्याला गाठलं. "भुजंगा, ह्ये पुढलं वाक्य तुला ठावं नव्हतं ना? आपलं वर्गात झालंच नव्हतं."

बघा, कसा प्रश्न विचारला त्यानं. शिवी दिली न्हाई, गचांडी धरली न्हाई. बाहेर पडायचं दार उघडून धरलं आणि ये बाहेर म्हणाला. तिथं खरं बोलायला हिंमत पाहिजे होती. भुजंग म्हणाला, "न्हाई रं. मला कुठून ठावं असणार?"

बिरूचा चेहरा सैल झाला. "तेच म्हणलं मी. रातभर झोप न्हाई बघ मला. वाटलं, ह्यानं... जाऊ दे. मग चल आता गावाला. दत्तरावबाबाला सांग, चूक झाली, पुढलं राहून गेलं. वाट तरी मोकळी व्हईल."

आता मात्र भुजंग गावाला गेला. एवढं त्याच्या नावावर लिहा. पारावर पुन्हा माणसं जमली. येडबाला बैलगाडीत निजवून आणलं होतं, पायाला बांबूच्या कांबी बांधलेल्या. भुजंगानं ते दुसरं वाक्य म्हटलं, अर्थ सांगितला आणि म्हणाला, "मी अर्धवट शिकून बोललो. हे पुढचं तेव्हा मला माहीत नव्हतं."

व्यंकटराव समोर बसले होते. सगळ्या गावात त्या एकाच माणसाला माहीत होतं की हे खोटं आहे. भुजंगाला वाटलं, आता बाप बोलेल. मनात तर वाटलं, बोलावंच, एकदाचं होऊन जाऊ दे. व्यंकटरावांनी पोराकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "खरं हाय. पोराला माहीत नव्हतं. पांदण मी मोकळी करून देतो."

दत्तराव म्हणाले, "शाबास! आपली चूक चारचौघांत कबूल करायला वाघाचं काळीज लागतंय." माणसांनी माना डोलावल्या. बिरूनं भुजंगाचा हात घट्ट धरला.

मग केवळाबाई गाडीजवळून उठून आली. तिच्या अंगाला मेंढरांचा, दुधाचा, धुराचा वास होता. तिनं भुजंगाच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकड वाजली.

"तोंड पाडू नगंस, लेकरा," ती म्हणाली. "गेली ती मेंढरं आमच्या नशिबानं गेली. तुला ठावं असतं, तर तू त्याच दिशी बोलला असतास. मी वळखते ना तुला."

तिचे हात अजून त्याच्या गालावर होते, खरबरीत आणि गरम. सगळं गाव ऐकत होतं. गाडीतून येडबाही मान उचलून बघत होता.

"हो, मावशी," भुजंग म्हणाला.