तिसरी भेट

प्रतिभाचा राजीनामा मंजूर झाला, तोही एकमताने. पण तसं काही झालेलंच नाही असं धरून पुढे जाऊ. तिनेही तसंच धरलं होतं.

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या बालगृहात २००३ साली बेचाळीस मुली होत्या आणि त्यांची प्रकरणं पाहणारी ताई एकच, प्रतिभा. तिच्याआधी अडीच वर्षांत चौघी येऊन गेल्या होत्या. मुलींनी नावं पाठ करणं सोडून दिलं होतं. जी असेल तिला त्या ‘आत्ताची ताई’ म्हणत, आणि हाक अगदी मायेने मारत.

जूनमध्ये एकाच दिवशी दोघी तापाने फणफणल्या, एक भिंत चढून पळाली आणि प्रतिभाला ‘कार्यकर्त्यांचे समाधान’ या विषयावरचं भाषण ऐकायला पाठवण्यात आलं. भाषण तीन तास चाललं. परत येऊन तिने राजीनामा लिहिला. अधीक्षक बोडके सरांनी तो न वाचताच खणात टाकला. सगळ्याच देतात, म्हणाले, जरा मुरू द्या.

मग माहेनूरचं प्रकरण तिच्या हाती आलं. माहेनूर आठ वर्षांची, मालेगावची. आई वारलेली, बापाचा पत्ता पोलिसांनाही लागेना. यंत्रमागाच्या कांड्या भरणारी आजी अनवरी तिला न्यायला तयार होती; अडीच वर्षं तयारच होती. संस्थेचा नियम असा, की एकाच ताईने महिन्या-महिन्याच्या अंतराने तीनदा घर पाहून यायचं, मगच मूल सोपवायचं. प्रत्येक ताई एकदा-दोनदा जाई आणि नोकरी सोडी. नवीन ताईची भेट पुन्हा पहिली.

अनवरीला त्यामुळे प्रश्न पाठ होते. प्रतिभा उंबऱ्यात चपला काढतेय तोवर म्हातारीने मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगून टाकलं, की पाण्याचा ड्रम झाकलेला असतो, संडास चार घरांत मिळून एक, दारू कोणी पीत नाही आणि पोरीची पेटी ही. पेटीतले फ्रॉक साडेपाच वर्षांच्या मुलीचे होते.

दुसऱ्या भेटीनंतर प्रतिभाने राजीनामा परत मागितला. बोडके सरांनी खण उपसला. आधीच्या चौघींचे अर्ज निघाले, एक कंगवा निघाला, हिचा अर्ज काही निघेना. सापडला की फाडून टाकू, म्हणाले.

तिसऱ्या भेटीला अनवरी नवी ओढणी घेऊन दारातच उभी होती. पण या वेळी ती गोंधळलेली दिसली.

“तिसरी बार में क्या पूछते, बेटी?”

प्रतिभालाही ठाऊक नव्हतं. इथवर कोणी पोचलंच नव्हतं. फॉर्मवर तिसऱ्या रकान्यात ‘पूर्वीप्रमाणे’ एवढंच छापलेलं. शेवटी दोघी चहा प्यायल्या. माहेनूर आता केवढी झाली ते प्रतिभाने भिंतीवर हात ठेवून दाखवलं. म्हातारीने तिथे खडूने रेघ मारली आणि बराच वेळ रेघेकडेच बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभाने अहवाल टेबलावर ठेवला, तर बोडके सरांनी तिच्यापुढे पत्र सरकवलं. अर्ज खणातून कार्यकारिणीच्या गठ्ठ्यात गेला होता. अकरा महिने न भरलेली कार्यकारिणी परवा एकदाची भरली, आणि उशीर झाल्याची लाज वाटून समोर येईल ते तिने मंजूर केलं. आधी भिंतींची रंगरंगोटी, मग प्रतिभा. अंमल त्याच दिवसापासून, म्हणजे तिसऱ्या भेटीच्या आदल्या दिवसापासून.

“काल तुम्ही इथल्या नव्हत्याच, मॅडम,” सर खरोखर वाईट वाटून म्हणाले. “पाहुण्या म्हणून चहा पिऊन आलात.”

सोमवारी नवीन ताई येणार होती. तिची भेट पहिली.

माहेनूर बोचकं बांधून दाराशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. रडली नाही.

“सोमवारची ताई चांगली आहे का?” तिने विचारलं.

प्रतिभाने तिथल्याच बाकावर बसून कोरा कागद घेतला.

‘मा. अध्यक्ष, कार्यकारिणी यांस. विषय : रिक्त पद भरणेबाबत. महोदय, सदर पदावर श्रीमती अनवरी, राहणार मालेगाव, यांची नेमणूक व्हावी. या प्रकरणात सुरुवातीपासून टिकून असलेल्या त्या एकट्याच आहेत. प्रश्नावली त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना स्वतःच्या घरी तीन वेळा भेट देण्याची व तिन्ही भेटी एकाच कर्मचाऱ्याच्या समजण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’