लांबून आलेला बुटका

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा बुटका आहे. उंची एक इंच, पायाखालच्या चकतीसकट. मला दाढी आहे, शिरस्त्राण आहे आणि हातात पळी आहे. खरे तर ती कुऱ्हाड व्हायची होती.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या गॅरेजमध्ये झाला. कर्ट पेल्कीचे वडील मासेमारीच्या गळांसाठी शिशाची वजने ओतत. एका हिवाळ्यात कर्टने हट्ट धरला आणि उरलेल्या शिशातून मी निघालो. साच्यात कुऱ्हाडीचे पाते नीट भरलेच नाही.

"हा तर आचारी दिसतोय," कर्टची मैत्रीण जनेल हल्टग्रेन म्हणाली.

"वितळवून परत ओतू."

"खबरदार. मला आचारीच हवाय."

तिने माझे नाव बोर्गो ठेवले आणि दाढी तांबडी रंगवली. दाढीचा थोडा रंग नाकावरही आला. तो अजून आहे.

दर रविवारी दुपारी जनेलच्या तळघरात खेळ मांडला जाई. कर्ट गोष्ट सांगे, खेळात मी म्हणजेच जनेल, म्हणून मी काय करतो ते ती सांगे आणि जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवी. चौकटींच्या कागदावर मी उभा असे. कर्ट हळू आवाजात म्हणे, "पुढे धुकं आहे," आणि मित्रांनो, धुके येई. टेबलाची कड दिसेनाशी व्हायची. कुठेतरी पाणी ठिबकायचे. ते कपडे धुण्याचे मशीन होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले, पण तोपर्यंत मी त्या नदीतून सतरा वेळा पोहून गेलो होतो.

आमचा एकच नियम होता. एकदा मी सापळ्याच्या चौकटीत उभा असताना जनेल म्हणाली होती, "मी तिथे नव्हतेच, मी दारापाशी होते." तीन आठवडे दोघे बोलले नाहीत. मग कर्टने खोक्याच्या झाकणावर लिहिले : जिथे पुतळा, तिथे माणूस.

त्या नियमाने घात केला.

कर्टच्या घरचे दूर माँटानाला राहायला निघाले. निघण्याआधीचा शेवटचा रविवार होता आणि आम्ही ड्रॅगनच्या गुहेत पोहोचलो होतो. ड्रॅगन म्हणजे प्लॅस्टिकचा तीन शिंगांचा डायनासोर होता, पण त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. दोघे सरबत आणायला वर गेले, तेवढ्यात जनेलची आई आर्डिसबाई ओव्हनमधून काढलेली हॉटडिश घेऊन खाली आल्या. खाली खिमा, वर बटाटे. ते भांडे त्यांनी टेबलावर, म्हणजे माझ्यावर ठेवले. भांडे तिरके बसले. आर्डिसबाईंनी टेबलाला नावे ठेवली.

आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आडनाव लिहिलेले असते. उष्णतेने पट्टीचा डिंक पातळ झाला आणि मी हल्टग्रेन या नावाला डोक्याने चिकटलो. मग आर्डिसबाईंना आठवले की भांडे चर्चमधल्या जेवणाला न्यायचे आहे. त्या मला घेऊन निघाल्या.

"बोर्गो कुठाय?" खाली आल्यावर जनेलने विचारले. सगळे टेबल धुंडाळून झाले.

"बटण ठेव त्याच्या जागी," ती शेवटी म्हणाली.

"बटण म्हणजे बोर्गो नाही. टेबलावर नाही, म्हणजे गुहेत नाही." कर्टने खोक्याचे झाकण लावले. "सापडला की पुढे खेळू."

दोन दिवसांनी तो गेला.

इकडे चर्चच्या स्वयंपाकघरात व्हर्लिनबाईंनी भांडे घासायला घेतले आणि मी त्यांच्या हातात आलो.

"हा आपल्या ख्रिसमसच्या देखाव्यातला मेंढपाळ दिसतोय," त्या म्हणाल्या.

"इतका छोटा?" भांडी पुसणाऱ्या बाईंनी विचारले.

"लांबून येतोय."

अशा रीतीने मी एकतीस नाताळ गाढवाच्या मागच्या पायाशी उभा राहिलो. मेणबत्त्या लागल्या की खरेच वाटायचे, मी लांबूनच येतोय, बाळासाठी काहीतरी गरम घेऊन. तिसऱ्या बाकावर जनेल गात असे. तिला बाळ दिसे, गाढव दिसे, मी दिसत नसे.

नंतर मला कळले की दर डिसेंबरात कर्टचे पत्र यायचे. त्यात एकच ओळ असे : बुटका सापडला का? जनेल लिहायची : नाही. तू कसा आहेस? मग तिकडून चार पाने यायची. लग्नाची, मुलीची, मोडलेल्या पायाची. आमच्याकडची माणसे उगीच पत्र लिहीत नाहीत. काहीतरी हरवलेले असावे लागते.

एका जानेवारीत देखावा आवरायचे काम जनेलकडे आले. गाढव उचलताच तिने मला पाहिले. माझ्या नाकावरचा रंग तिने अंगठ्याने पुसून पाहिला. मग म्हणाली, "मेल्या, इथे होतास होय." मला कोटाच्या खिशात टाकले.

त्या डिसेंबरात पत्र आले. बुटका सापडला का? मी टेबलावरच उभा होतो. माझ्याकडे बघत तिने लिहिले : नाही.

मित्रांनो, मला राग आला नाही. खेळ संपला तर कर्ट पुढच्या वर्षी विचारणार तरी काय?

पण पुढच्या पत्रातली अक्षरे मोठी आणि वेडीवाकडी होती. "डोळे अधू होत चाललेत. फाशावरचे आकडे अजून दिसतात. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत."

जनेलने त्याच दिवशी लिहिले : सापडला. ये.

तो पंधरा तास गाडी चालवून आला, बायको शेजारी बसून रस्ता बघत होती. तळघर तेच, मशीन नवे. त्याने मला बोटांनी चाचपले, नाकावरच्या रंगापर्यंत. मग हळू आवाजात म्हणाला, "पुढे ड्रॅगन आहे. बत्तीस वर्षं उपाशी."

"मग मी त्याला वाढते," जनेल म्हणाली.

फासा घरंगळला. कर्टने तो डोळ्यांजवळ नेला. "चौदा. जेवला. झोपला."

"संपलं?"

"संपलं."

कोणीच उठेना. गुहेत नुसते पाणी ठिबकत होते.

मग जनेल वर जाऊन गरम हॉटडिश घेऊन आली आणि तिने भांडे नेमके माझ्यावर ठेवले. चांगले दाबून.

"वाटेत खायला ने."

कर्टने भांडे उचलले. बुडाखाली त्याचे बोट माझ्या पळीला लागले. ते बोट तिथेच थांबले.

"भांडं केव्हा परत करू?" त्याने विचारले.

"घाई नाही. रिकामं मात्र आणू नकोस."

मित्रांनो, आम्हा छोट्या पुतळ्यांना जपा. खेळ झाला की मोजून खोक्यात ठेवा, आम्हाला हाताळल्यावर हात धुवा, कारण शिसे पोटात जाणे बरे नाही. गरम भांडे ठेवण्याआधी खाली बघा. मात्र कोणी मुद्दाम ठेवत असेल, तर बघू नका.

सध्या मी माँटानात, कर्टच्या खिडकीत असतो. परवा जनेलचे पत्र आले. त्याच्या बायकोने मोठ्याने वाचले : बुटका सापडला का?

"लिही," कर्ट मला अंगठ्याने कुरवाळत म्हणाला, "नाही. तू कशी आहेस?"